फुप्फुसांची बातमी बोटांवर

छातीच्या डॉक्टरने आधी छाती तपासावी, ही लोकांची अपेक्षा गैर नाही. मी मात्र धाप लागते म्हणून आलेल्या रुग्णाला, त्यातही ती बाई असेल आणि वय पंचविशी ते पन्नाशीच्या दरम्यान असेल, तर आधी म्हणतो, ‘‘हात बघू तुमचे.’’ पुष्कळजणी तळहात पुढे करतात आणि ओशाळे हसतात. डॉक्टर ज्योतिषही बघतात की काय, असा भाव चेहऱ्यावर असतो. मग मी हात पालथे करून पाहतो. नखांच्या मुळाशी बारीक लाल रेघा आहेत का? पेरांवर जांभळट, खरबरीत चट्टे आहेत का? बोटांच्या टोकांना टाचणी टोचल्यासारखे छोटे खड्डे आहेत का? कातडी इतकी ताठ झाली आहे का, की चिमटीत येत नाही? अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या कडेला, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला पडतात तशा भेगा आहेत का? आणि शेवटी विचारतो, ‘‘थंडीत किंवा फ्रीजमधले दूध काढताना बोटे पांढरीफटक पडतात का हो?’’

यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ आले, की त्या धापेकडे पाहण्याची माझी नजर बदलते. दम्याने बोटे पांढरी पडत नाहीत, क्षयानेही पडत नाहीत. हात आणि फुप्फुसे एकाच वेळी तक्रार करू लागली, तर ती तक्रार त्या दोघांना जोडणाऱ्या कुठल्यातरी तिसऱ्याच गोष्टीविषयी असते.

त्या तिसऱ्या गोष्टीला वैद्यकात ‘कनेक्टिव्ह टिश्यू’ म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत ‘संयोजी ऊती’. विटांच्या भिंतीत विटांइतकेच महत्त्व मधल्या चुन्याला असते. शरीरातही पेशींना धरून ठेवणारा, आधार देणारा असा माल सर्वत्र भरलेला असतो. कातडीखाली, सांध्यांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि फुप्फुसांच्या जाळीतही. ल्युपस आणि स्क्लेरोडर्मा हे वरवर अगदी निराळे दिसणारे आजार या मालाच्याच बिघाडाचे आहेत, असे १९४२ साली न्यूयॉर्कच्या पॉल क्लेम्पेरर यांनी सहकाऱ्यांसह मांडले आणि ‘कोलॅजनचे आजार’ असे नाव दिले. पुढे कळले की बिघाड मालात नसून पहारेकऱ्यांत आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा परक्या जंतूंना सोडून घरच्याच पेशींवर उठते. नाव बदलले, पण गोतावळा तोच राहिला. सांधे वाकडे करणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, तरुण मुलींना गाठणारा ल्युपस, कातडी ताठरवणारा स्क्लेरोडर्मा, स्नायू आणि त्वचेवर येणारा डर्माटोमायोसायटिस, डोळे-तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन. यातल्या बहुतेकांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. ल्युपसमध्ये तर दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात.

या सगळ्यांना फुप्फुसे इतकी का आवडावीत? कारण शरीरातले सगळेच्या सगळे रक्त फुप्फुसांतून जाते, दर मिनिटाला सुमारे पाच लिटर. रक्तात फिरणारी प्रत्येक चुकार प्रतिपिंडे तिथल्या चाळणीला घासून जातात. शिवाय फुप्फुसांतली हवेची भिंत इतकी पातळ, की तिला जरासा सुजवटा आला तरी प्राणवायूची वाट अडते. सांधा सुजला तर दुखतो. फुप्फुसाच्या जाळीत मात्र वेदना कळवणारे मज्जातंतू जवळजवळ नाहीत. तिथे आग लागली तरी धूर दिसायला महिने जातात.

त्यात आणखी एक घरगुती अडचण आहे. जिचे गुडघे आणि घोटे दुखतात ती बाई मुळात चालतच नाही. चालली नाही तर धाप लागत नाही. धाप लागली नाही तर ती सांगत नाही. म्हणून ‘दम लागतो का?’ हा प्रश्न मी शक्यतो विचारत नाही, कारण ‘नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ‘‘काय करायचे सोडलेत?’’ असे विचारतो. मग निघते, की पाण्याची कळशी आता सून भरते. तिसऱ्या मजल्यावरच्या नणंदेकडे जाणे वर्षभरापूर्वीच बंद झाले. जेजुरीला गेले होते, पण खाली गाडीतच बसून राहिले. सोबत आलेला नवरा आश्चर्याने म्हणतो, ‘‘हिने कधी बोलून नाही दाखवले.’’ तिला स्वतःलाच ते कळलेले नसते. गुडघ्यांमुळे चालवत नाही, असेच ती समजत असते.

फुप्फुसांची जाळी घट्ट होण्याचे, म्हणजे आयएलडीचे, आपल्याकडचे चित्र काय, हे पाहण्यासाठी भारतातल्या १९ शहरांतील २७ केंद्रांनी मिळून एक नोंदवही केली होती. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. १०८४ रुग्णांत जवळजवळ १४ टक्के या संयोजी ऊतींच्या आजारांचे निघाले. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४७ टक्के, हवेतून जाणाऱ्या धूळ-बुरशीच्या ॲलर्जीचा होता. त्यातही घरचे एअर कूलर हे पुष्कळांच्या बाबतीत संशयित ठरले. तो वेगळा विषय आहे. सांगायचे ते एवढेच, की दर सात रुग्णांमागे एकाचे मूळ छातीत नव्हतेच.

आता, जाळी घट्ट होणे हा या आजारांतला नेहमीचा प्रकार. आज मला लिहायचे आहे ते त्याच्या विरळा, आडवाटेच्या प्रकारांबद्दल. ते विरळा असतात म्हणून सुटतात, आणि सुटतात म्हणून आणखी विरळा वाटतात.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक शिक्षिका जाडजूड फाइल घेऊन आली होती. ल्युपस पाच वर्षांपासून, औषधांनी आटोक्यात. आठ महिने धाप. फाइलमध्ये चार एक्सरे आणि चारही अहवालांत एकच शेरा : अपुऱ्या श्वासात काढलेला फोटो. ‘‘तो टेक्निशियन माझ्यावर ओरडायचा, ताई, श्वास पूर्ण भरा म्हणून. मी भरलेलाच असायचा,’’ ती म्हणाली. फुंकर मारण्याच्या तपासणीत फुप्फुसांची क्षमता निम्मी आली होती. तिथेही शेरा होता, रुग्णाचे सहकार्य अपुरे. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे स्वच्छ. तेव्हा निष्कर्ष सोपा होता : मनाचे आहे, लग्नाचे बघा. आडवे झोपले की जास्त धाप लागते, म्हणून ती तीन उशा घेऊन झोपत होती. हे मात्र कुणी लिहून घेतले नव्हते.

तिला टेबलावर उताणे झोपवले. श्वास घेताना पोट फुगून वर यायला हवे, तिचे जागचे हलत नव्हते. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खाली उतरायलाच तयार नव्हता. सोनोग्राफीत ते स्पष्ट दिसले. या प्रकाराला ‘आक्रसते फुप्फुस’ असे म्हणता येईल. हॉफब्रँड आणि बेक या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. ल्युपसच्या शंभर रुग्णांत कदाचित एखाद्याला होणारा. पडद्याचा स्नायू दुबळा होतो, की फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन दुखल्यामुळे शरीर नकळत खोल श्वास टाळायला शिकते, यावर अजून वाद आहे. मला दुसरी बाजू अधिक पटते. वादाचे काही असो, स्टिरॉइड, प्रतिकारशक्तीला आवर घालणारे एक औषध आणि श्वासाचे व्यायाम यांनी बहुतेक रुग्ण सुधारतात. तीही सुधारली. वर्षाने तिची क्षमता निम्म्यावरून सत्तर टक्क्यांच्या आसपास आली आणि उशी एक झाली. ‘सहकार्य अपुरे’ हा शेरा ज्या अहवालावर असेल, तो अहवाल मी तेव्हापासून दोनदा वाचतो.

ल्युपसचा दुसरा विरळा प्रकार इतका सबुरीचा नाही. त्यात फुप्फुसांच्या आत, हवेच्या लाखो फुग्यांमध्ये, रक्त झिरपू लागते. लोकांची कल्पना अशी, की फुप्फुसात रक्तस्राव झाला तर खोकल्यातून रक्त पडेल. अनेकदा पडतच नाही. बाई फिकट दिसते, दम लागतो, ताप असतो, एक्सरेत दोन्ही बाजूंना पांढरे ढग दिसतात. न्यूमोनिया म्हणून औषधे सुरू होतात. चोरी सापडते ती रक्ताच्या साध्या तपासणीत : परवा हिमोग्लोबिन दहा होते, आज सात. कुठूनही रक्त गेलेले नाही, मग तीन ग्रॅम गेले कुठे? अशा वेळी दुर्बिणीतून फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात मिठाचे पाणी सोडून परत ओढून घेतात. पहिल्या धुण्याचे पाणी गुलाबी, दुसऱ्याचे लाल, तिसऱ्याचे आणखी गडद. नळीने इजा होऊन आलेले रक्त प्रत्येक धुण्यागणिक फिके होते; हे गडद होत जाते. त्या तीन बाटल्या ओळीने ठेवल्या, की दुसऱ्या पुराव्याची गरज राहत नाही. जुन्या नोंदींत यातले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत. आजही हा आजार तासांच्या हिशेबाने चालतो, दिवसांच्या नव्हे.

खोकल्यातून रक्त पडले, तरी आपल्याकडे त्याचा पहिला अर्थ एकच लावला जातो. क्षयरोगाचे आपल्या देशातले ओझे पाहता तो अगदीच अनाठायी नाही. पण या आजारांत क्षयाची सावली फार फसवते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात फुप्फुसाच्या आवरणात पाणी होते. ते पाणी काढून तपासले तर त्यात ‘एडीए’ नावाचे द्रव्य वाढलेले सापडू शकते, आणि हेच वाढलेले एडीए आपल्याकडे क्षयाचा भरवशाचा पुरावा मानले जाते. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. फरक ओळखण्याची एक खूण आहे. संधिवाताच्या पाण्यात साखरेचे प्रमाण विलक्षण कमी असते, कधीकधी जवळजवळ शून्य. क्षयाच्या पाण्यातही साखर उतरते, पण सहसा इतकी नाही. म्हणून साखर अगदी तळाला गेलेली दिसली, की मी पुन्हा हात पाहतो : बोटांची मुळे सुजलेली आहेत का, कोपरावर गाठी आहेत का. अर्थात याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. संधिवाताची औषधे प्रतिकारशक्ती दडपतात, त्यामुळे या रुग्णांना खराखुरा क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. काही नव्या, सुईने देण्याच्या औषधांत तर विशेषच. ती सुरू करण्यापूर्वी क्षय लपून बसला नाही ना, हे पाहण्याचा दंडक आहे आणि तो पाळायला हवा. दोन्ही बाजूंना दरी असलेली ही वाट आहे.

संधिवाताचा आणखी एक चमत्कारिक फुप्फुसविकार धुळीशी जोडलेला आहे. १९५३ साली कार्डिफच्या अँथनी कॅप्लन यांनी वेल्समधल्या कोळसा-खाणकामगारांचे एक्सरे पाहताना टिपले, की ज्यांना संधिवात आहे त्यांच्या फुप्फुसांत मोठाल्या गोल गाठी आहेत, इतरांच्या नाहीत. कधी गाठी आधी येत, सांधे मागाहून दुखत. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांत स्क्लेरोडर्मा दिसतो, असे १९५७ साली एरॅस्मस यांनी लिहिले. म्हणजे दगडाची आणि कोळशाची धूळ केवळ फुप्फुस खराब करत नाही, ती पहारेकऱ्यांनाही बिथरवते. आपल्याकडे चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, खडी फोडण्याचे कारखाने तर गावोगावी. तिथे काम करणाऱ्या माणसाचे सांधे दुखू लागले, तर ते श्रमाने दुखतात असेच सगळे धरून चालतात. त्याचा एक्सरे काढला जात नाही, आणि काढला तर सांध्यांविषयी कुणी विचारत नाही.

स्क्लेरोडर्माची हकिगत मला या सगळ्यांत अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात औषधाच्या यशानेच नवा प्रश्न उघडा पडला. या आजारात कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते, बोटे वाकतात. पण रुग्ण मरत ते मूत्रपिंडांमुळे. रक्तदाब एकाएकी भडकायचा आणि काही आठवड्यांत सारे संपायचे. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध निघाले, १९८१ साली ते अमेरिकेत बाजारात आले, आणि या रुग्णांची मूत्रपिंडे वाचू लागली. पिट्सबर्गच्या स्टीन आणि मेड्सगर यांनी १९७२ ते २००२ या काळातल्या मृत्यूंची कारणे तपासली. या आजाराने होणाऱ्या मृत्यूंत मूत्रपिंडांचा वाटा ४२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला होता. फुप्फुसे घट्ट होऊन होणाऱ्या मृत्यूंचा वाटा ६ वरून ३३ टक्क्यांवर गेला होता. फुप्फुसे पूर्वीही झिजत होती. फक्त त्यांची पाळी येण्याआधी माणूस गेलेला असे.

स्क्लेरोडर्मात फुप्फुसांवर दोन वेगवेगळी संकटे येतात आणि दोन्हींचे पाहुणे वेगळे. ज्यांची कातडी अंगभर झपाट्याने ताठते, त्यांच्यात फुप्फुसांची जाळी घट्ट होण्याची भीती जास्त, आणि ती पहिल्या काही वर्षांतच. ज्यांचा आजार बोटे-चेहऱ्यापुरता संथ राहतो, त्यांना आपण सुटलो असे वाटते. पण दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्यातल्या काहींना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा रक्तदाब गाठतो. हा हातावर पट्टा बांधून मोजण्याचा रक्तदाब नव्हे. तो नॉर्मल असतो आणि इथे हृदयाची उजवी बाजू दमत चाललेली असते. फुप्फुसे सीटीत स्वच्छ दिसतात. ‘टू-डी एको’त संशय येतो आणि खात्री हृदयाच्या उजव्या कप्प्यात नळी घालूनच होते.

याच्यावरची एक गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. होय, तीच. मुळात ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी तपासली जात होती. १९९८ साली ती व्हायग्रा या नावाने जगभर गाजली, त्याचे कारण वेगळे. आणि २००५ साली फुप्फुसांच्या रक्तदाबासाठी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे मी चिठ्ठी देताना नीट समजावून सांगतो, कारण पुढचा प्रसंग मला ठाऊक असतो. साठीच्या एका आजींनी चिठ्ठी औषधाच्या दुकानात दिली, तेव्हा काउंटरवरच्या पोऱ्याने दुसऱ्याला हाक मारून ती दाखवली आणि दोघे हसले. आजी औषध न घेता घरी गेल्या आणि तीन आठवडे गोळी घेतली नाही. त्यांच्या मुलालाही मला फोन करायचा संकोच वाटला. आता मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘फुप्फुसांच्या रक्तदाबासाठी’ असे मराठीत लिहितो. फुप्फुसविकाराची गुंतागुंत ही अशीही असते.

मिस्त्रीच्या हातांसारख्या भेगांचा उल्लेख सुरुवातीला केला. तो स्नायूंच्या दाहाशी जोडलेला आहे. १९८० साली अमेरिकेत एका रुग्णाच्या रक्तात एक नवे प्रतिपिंड सापडले. त्याचे नाव जॉन होते, म्हणून प्रतिपिंडाला नाव पडले ‘जो-वन’. त्याला स्नायूंचा दाह होता आणि फुप्फुसांचाही. पुढे कळले, की हे प्रतिपिंड ज्यांच्या रक्तात असते त्यांच्यात ताप, सांधेदुखी, पांढरी पडणारी बोटे, भेगाळलेले हात आणि फुप्फुसांचा दाह असा संच दिसतो. संच पूर्ण भरायला मात्र वर्षे लागू शकतात. मधल्या काळात त्वचेचे डॉक्टर भेगांना मलम देतात, हाडांचे डॉक्टर सांध्यांना गोळ्या देतात आणि आमच्यासारखे खोकल्याला औषध देतात. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर असते.

याच कुळात एक फार क्रूर प्रकार आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००५ साली त्याचे प्रतिपिंड ओळखले आणि २००९ साली ते ‘एमडीए-५’ या प्रथिनाविरुद्ध असल्याचे सिद्ध केले. हे प्रथिन पेशीत शिरलेल्या विषाणूचा सुगावा लावण्याचे काम करते. म्हणजे शरीर आपल्याच विषाणू-पहाऱ्यावर उलटते. कोविडच्या साथीत सगळ्या जगाने फुप्फुसांचे जे पांढरे स्कॅन पाहिले, त्यांच्याशी या रुग्णांच्या स्कॅनचे विलक्षण साम्य असल्याचे तेव्हा अनेकांनी लिहिले. या प्रकारात स्नायू दुबळे होतातच असे नाही. म्हणून स्नायूंची रक्ततपासणी नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त होतात. खुणा असतात त्या कातडीवर. पेरांवर चट्टे, पापण्यांवर जांभळी छटा, तळहाताच्या घड्यांवर दुखऱ्या पुटकुळ्या, बोटांवर न भरणारे व्रण. आणि मग काही आठवड्यांत श्वास संपत जातो. कधी फुप्फुसातून हवा फुटून मानेच्या कातडीखाली येते. बोटाने दाबले तर आत पापड मोडल्यासारखे लागते. इथे वाट पाहायला सवड नसते. स्टिरॉइडचा परिणाम बघू, नाही जमले तर दुसरे औषध, असा नेहमीचा क्रम सोडून दोन-तीन जबर औषधे पहिल्या दिवसापासून एकत्र द्यावी लागतात. जपानने हा धडा आधी घेतला, कारण तिथे हा प्रकार अधिक दिसतो.

‘दंगल’मध्ये छोट्या बबिताचे काम करणारी सुहानी भटनागर फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये गेली, तेव्हा ती अवघी १९ वर्षांची होती. निदान डर्माटोमायोसायटिसचे होते. घरच्यांनी वृत्तपत्रांना सांगितले, की सुरुवात हाताच्या सुजेने झाली आणि शेवटी फुप्फुसांत पाणी झाले. त्या आठवड्यात मला निदान दहाजणांनी फोनवर विचारले, ‘‘त्वचेच्या आजाराने कुणी मरते का हो?’’ या आजाराचे नाव कातडीवरून आणि स्नायूंवरून पडले आहे. फुप्फुसांचा त्या नावात उल्लेखच नाही.

शोग्रेनविषयी थोडक्यात. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, दात एकामागून एक किडतात, अशा तक्रारी घेऊन बायका दंतवैद्य आणि नेत्रवैद्य यांच्याकडे फिरत असतात. त्यांच्यातल्या थोड्यांच्या फुप्फुसांत पातळ भिंतीचे, साबणाच्या फुग्यांसारखे पोकळ कप्पे तयार होतात. सीटीत हे सुंदर दिसतात, असे म्हणणे बरे दिसत नाही, पण दिसतात खरे. बहुधा ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. त्यांच्या शेजारी एखादी भरीव गाठ दिसली तर मात्र ती तपासून घ्यावी लागते, कारण लसिकापेशींचा कर्करोग या आजाराच्या मागावर असतो.

आता तपासण्यांबद्दल, कारण पत्रे त्याचीच येतात. साध्या एक्सरेवर विसंबू नये. जाळीचा आजार बराच पुढे गेल्याशिवाय तो एक्सरेत दिसत नाही. अमेरिकेतल्या संधिवात आणि छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी अलीकडेच जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही या रुग्णांच्या चाचपणीसाठी एक्सरे नको, बारीक कापांचा सीटी आणि श्वासाची तपासणी हवी, असेच म्हटले आहे. श्वासाच्या तपासणीचे दोन भाग असतात. फुंकर मारण्याचा भाग गावोगावी होतो. दुसऱ्या भागात कार्बन मोनॉक्साइडची अगदी अल्प मात्रा हुंगायला देऊन ती फुप्फुसांतून रक्तात किती उतरते हे मोजतात. तो मोठ्या शहरांतच होतो आणि रक्तवाहिन्यांचा आजार तोच आधी पकडतो. कोविडनंतर घरोघरी आलेले ऑक्सिमीटर चांगलेच आहे, पण ज्यांची बोटे थंडीने पांढरी पडतात त्यांच्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवू शकते. हात कोमट पाण्यात धरून मग मोजावे, किंवा रुग्णालयात असतात तसे कानाच्या पाळीला वा कपाळाला लावायचे यंत्र वापरावे. मी अशा घाबरलेल्या मुलींना मध्यरात्री फोनवरून हात चोळायला सांगितले आहे, आणि पाच मिनिटांत ८४चे ९७ झाले आहेत.

औषधांची भीती हा आणखी एक भाग. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाने क्वचित फुप्फुसाचा दाह होतो, हे खरे. ते कुठेतरी वाचून रुग्ण परस्पर गोळी सोडतात, हे अधिक वेळा खरे. मग सांधे पेटतात आणि संधिवातच फुप्फुसावर जाण्याची शक्यता वाढते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत कोरडा खोकला, ताप आणि धाप एकत्र आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, एरवी नाही. जाळी घट्ट होण्याची गती मंदावणारे निन्टेडॅनिब २०१९ साली स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत उपयोगी ठरले. आता भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मिळतात आणि त्या मूळ औषधापेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत. पण ते घट्ट झालेले परत सैल करत नाही. जे उरले आहे ते राखते. म्हणून किती उरले होते, हे माहीत असावे लागते.

त्यासाठी सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे जुनी फिल्म. सीटी स्कॅनचा एक फोटो आज काय आहे ते सांगतो. आजार कुठल्या वेगाने चालला आहे हे दोन फोटोंतले अंतर सांगते. लोक अहवालाचा कागद जपतात आणि फिल्म, सीडी रद्दीत घालतात. असायला हवे उलटे. मागच्या पावसाळ्यात साताऱ्याकडचे एक जोडपे आले होते. बाईंना संधिवात, फुप्फुसांत जाळी, आणि जोरदार उपचारांचा सल्ला कुणीतरी दिलेला. जुना स्कॅन आहे का, विचारल्यावर नवरा म्हणाला, ‘‘नाही, काही नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘आहे की. गादीखाली आहे.’’ आठ दिवसांनी एसटीने त्या फिल्म घेऊन आल्या. २०१८च्या होत्या, गादीखाली ठेवल्यामुळे एकही घडी पडलेली नव्हती. दोन्ही फिल्म पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. जाळी तेवढीच होती, तसूभरही पुढे सरकली नव्हती. संधिवाताची चालू गोळी तशीच ठेवली, सहा महिन्यांनी श्वासाची तपासणी लिहून दिली आणि फिल्म परत गादीखाली ठेवायला सांगितल्या.